शेवटच्या पानावरचा पत्ता: आयर्लंडचे डावे आणि त्यांचे कागद

२३ एप्रिल १९१६, ईस्टरचा रविवार. डब्लिनमध्ये लिफी नदीकाठच्या लिबर्टी हॉलमध्ये, म्हणजे कामगार युनियनच्या कचेरीत, तिघेजण एका जुनाट छपाई यंत्राशी झटत होते. मायकेल मॉलॉय आणि लियम ओब्रायन हे अक्षरं जुळवणारे कंपोझिटर, ख्रिस्तोफर ब्रेडी हा मशीनवाला. काम एकाच पानाचं होतं, आयर्लंड स्वतंत्र झाल्याच्या जाहीरनाम्याचं. पण खिळे, म्हणजे छपाईची धातूची अक्षरं, पुरेनात. शहरातल्या एका मुद्रकाकडून उसने आणले, तरी इंग्रजी ‘ई’ कमीच. मग दुसऱ्या वळणाचे ‘ई’ मध्ये मध्ये घुसवले. एका ठिकाणी मोठा ‘ई’ मिळेना, तेव्हा ‘एफ’च्या पायाशी लाख लावून त्याचा ‘ई’ केला. एवढं करूनही पूर्ण मजकूर एकदम जुळवण्याइतके खिळे नव्हतेच. म्हणून आधी वरचा अर्धा भाग छापला, खिळे सोडवले, त्याच खिळ्यांतून खालचा अर्धा जुळवला आणि तेच कागद पुन्हा यंत्रातून काढले.

अडीच हजार प्रती काढायचा बेत होता, हजारेक निघाल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी बंडाचा एक पुढारी पॅट्रिक पिअर्स याने जनरल पोस्ट ऑफिससमोर तो जाहीरनामा वाचला आणि आठवडाभराचं बंड सुरू झालं. पुढे ब्रिटिश सैनिक लिबर्टी हॉलमध्ये शिरले तेव्हा खालच्या अर्ध्या भागाचे खिळे यंत्रात तसेच होते. त्यांनी आठवण म्हणून त्यावरून काही अर्धवट प्रती छापून नेल्या, असं सांगतात.

जाहीरनाम्याचा मजकूर आज कुठल्याही इतिहासाच्या पुस्तकात मिळतो. त्यात तो स्वच्छ, एकसारख्या टायपात असतो. खिळ्यांची ओढाताण बघायची तर मूळ कागदच पाहावा लागतो. आयर्लंडच्या डाव्या राजकारणाचा इतिहास समजून घ्यायला मला म्हणूनच त्यांचे जुने कागद जास्त भरवशाचे वाटतात: साप्ताहिकं, पत्रकं, पुस्तिका. अग्रलेख तर वाचायचाच, पण त्याच्याइतक्याच बारकाईने किंमत, मुद्रकाचं नाव आणि शेवटच्या पानावर तळाशी छापलेला पत्ताही वाचायचा.

आता मुळातला प्रश्न. देशाच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा कामगार युनियनच्या छापखान्यात का छापला गेला?

आधी देश की आधी भाकरी?

युरोपातल्या बहुतेक डाव्यांचं भांडण आपापल्या देशातल्या मालकांशी होतं. आयर्लंडचं गणित अवघड होतं. देश ब्रिटिशांच्या ताब्यात, म्हणजे लढा लंडनशी. पण डब्लिनच्या ट्रामचा मालक विल्यम मार्टिन मर्फी हा आयरिश, कॅथलिक आणि राष्ट्रवादी. तिकडे उत्तरेला बेलफास्टमध्ये जहाजबांधणीचे प्रचंड कारखाने. तिथला बहुसंख्य कामगार प्रोटेस्टंट आणि ब्रिटनशी एकनिष्ठ. त्याच्याकडे जाऊन ‘कामगारांनो एक व्हा’ म्हटलं तर तो विचारणार, कुठल्या झेंड्याखाली? आणि ‘आधी स्वातंत्र्य’ म्हटलं, तर मर्फीच्या ट्रामवर राबणारा कंडक्टर विचारणार, स्वातंत्र्य आल्यावर माझा पगार कोण देणार, मर्फीच ना?

या दुहेरी प्रश्नाला जेम्स कॉनोलीने दिलेलं उत्तर पुढची शंभर वर्षं सगळ्यांनी वापरलं, मोडलं, वाकवलं. कॉनोली १८६८ मध्ये एडिनबरोच्या आयरिश वस्तीत जन्मला. आईवडील स्थलांतरित, शिक्षण जेमतेम. १८९६ मध्ये तो डब्लिनला आला आणि त्याच वर्षी त्याने आयरिश सोशलिस्ट रिपब्लिकन पार्टी काढली. (इथे ‘रिपब्लिकन’ म्हणजे इंग्लंडच्या राजाला मानत नाही तो. अमेरिकेतल्या पक्षाशी काही संबंध नाही.) माणसं इतकी थोडी, की सभासदांपेक्षा पक्षाच्या नावातली अक्षरं जास्त, अशी चेष्टा व्हायची.

जानेवारी १८९७ मध्ये कॉनोलीचा एक लेख ‘शान व्हान व्होख्त’ या मासिकात आला. मासिक बेलफास्टचं, संपादक दोन स्त्रिया, अ‍ॅलिस मिलिगन आणि अ‍ॅना जॉन्स्टन. सूर पूर्णपणे राष्ट्रवादी. त्यात कॉनोली म्हणतो, उद्या इंग्रजांची फौज हाकलून डब्लिनच्या किल्ल्यावर हिरवा झेंडा लावलात, पण समाजवादी प्रजासत्ताक उभारायला घेतलं नाहीत, तर सगळे कष्ट वाया जातील. इंग्लंड आपल्या भांडवलदारांमार्फत आणि जमीनदारांमार्फत राज्य करतच राहील. एवढं तिखट लिखाण त्या संपादकांनी छापलं हे विशेष. स्वतःचं व्यासपीठ नसल्यामुळे कॉनोलीला दुसऱ्याच्या अंगणात उभं राहून बोलावं लागत होतं, हेही त्यातून कळतं.

ते व्यासपीठ त्याने पुढच्या वर्षी काढलं. १३ ऑगस्ट १८९८ ला ‘वर्कर्स रिपब्लिक’चा, म्हणजे ‘कामगारांचं प्रजासत्ताक’चा, पहिला अंक निघाला. तारीख मुद्दाम निवडलेली: ब्रिटिशांविरुद्धच्या १७९८ च्या उठावाला शंभर वर्षं होत होती आणि दोनच दिवसांनी त्या उठावाचा पुढारी वुल्फ टोन याच्या स्मारकाची पायाभरणी होती, डब्लिनमध्ये गर्दी लोटणार होती. भांडवल म्हणून स्कॉटलंडचा कामगार पुढारी कीर हार्डी याने ५० पौंड उसने दिले होते. ब्रीदवाक्य फ्रेंच राज्यक्रांतीतलं, की थोर लोक थोर दिसतात कारण आपण गुडघ्यांवर आहोत, उठू या.

अंक कधी निघायचा, कधी बंद पडायचा. पक्षाने हातावर चालणारं छोटं यंत्र घेतलं, मग लिहिणं, खिळे जुळवणं, छापणं आणि रस्त्यावर उभं राहून विकणं हे बऱ्याचदा त्याच चार माणसांचं काम झालं. आणि पक्ष फुटला तो कशावरून? १९०२ मध्ये कॉनोली अमेरिकेत व्याख्यानं द्यायला गेला, तिथे त्याने ‘वर्कर्स रिपब्लिक’साठी आगाऊ वर्गण्या गोळा करून पाठवल्या. इकडे डब्लिनमध्ये पक्षाने सभासदांसाठी परवान्याचं मद्यपानगृह काढलं होतं, ते तोट्यात होतं. वर्गणीचे पैसे त्या खड्ड्यात गेले. अमेरिकेतले वर्गणीदार अंकाची वाट बघत बसले. परतल्यावर कॉनोलीने छपाई यंत्राचं कर्ज आधी फेडा असा आग्रह धरला, मतदानात हरला, राजीनामा दिला आणि १९०३ मध्येच पोटासाठी अमेरिकेला निघून गेला. नंतरच्या चरित्रांत या फुटीला तात्त्विक मतभेदांची झालर लावलेली आढळते. मतभेद होतेच. पण बारचा तोटाही होता, आणि मला तो जास्त बोलका वाटतो.

एक पेनी विरुद्ध अर्धा पेनी

लिव्हरपूलमध्ये जन्मलेला जिम लार्किन हा वेगळ्याच घडणीचा माणूस. १९०७ मध्ये बेलफास्टच्या गोदीत त्याने मोठा संप घडवला, १९०९ मध्ये आयरिश ट्रान्सपोर्ट अँड जनरल वर्कर्स युनियन उभी केली आणि २७ मे १९११ ला ‘आयरिश वर्कर’ हे साप्ताहिक काढलं. किंमत एक पेनी. लवकरच खप आठवड्याला वीस हजारांच्या घरात गेला. त्या काळच्या डब्लिनमध्ये डाव्या साप्ताहिकाचा एवढा खप म्हणजे चमत्कारच होता.

कारण सोपं होतं. ‘वर्कर्स रिपब्लिक’ सिद्धान्त शिकवायचं. ‘आयरिश वर्कर’ नावं घ्यायचं. कुठल्या मुकादमाने कुणाचा पगार कापला, कुठल्या घरमालकाच्या इमारतीचा जिना कुजलाय, कोण संपफोड्या. मानहानीचे खटले पाठोपाठ यायचे. गोदीतला माणूस ते वाचायचा कारण त्यात त्याच्या ओळखीची माणसं असायची. लार्किनची भाषा शिवराळ, एकेकदा अन्यायीही. आज वाचताना काही मजकूर खटकतो. पण डब्लिनची अवस्था काय होती ते पाहा: एकेकाळच्या सरदारांच्या हवेल्यांच्या चाळी झालेल्या, १९१४ च्या सरकारी अहवालानुसार सुमारे २६,००० कुटुंबं तिथे राहत होती आणि त्यांतली २०,००० एकेका खोलीत. २ सप्टेंबर १९१३ ला चर्च स्ट्रीटवर अशीच जुनी घरं कोसळून सात माणसं गेली.

मर्फीकडेही वर्तमानपत्र होतं. ‘आयरिश इंडिपेंडंट’ हे दैनिक त्याने १९०५ मध्ये नव्याने काढलं, अर्ध्या पेनीला. त्यामुळे १९१३ ची डब्लिनची प्रसिद्ध टाळेबंदी दोन छापखान्यांमधली लढाईही होती. ठिणगी पडली तीही वर्तमानपत्रातच. ऑगस्टमध्ये मर्फीने ‘इंडिपेंडंट’च्या वाटप खात्यातल्या युनियनवाल्यांना काढलं, तेव्हा रस्त्यावर पेपर विकणाऱ्या पोरांनी त्याचे अंक उचलायला नकार दिला. मग २६ ऑगस्टला ट्रामवाले काम टाकून उतरले. बाकीच्या मालकांनी मर्फीच्या मागे जाऊन कामगारांसमोर कागद ठेवला: लार्किनच्या युनियनशी संबंध ठेवणार नाही, सही करा, नाहीतर दार बंद. तीनशेहून अधिक मालक, वीस हजारांच्या आसपास कामगार आणि जवळजवळ पाच महिने. जानेवारी १९१४ मध्ये उपाशी माणसं एकेक करून कामावर परतली.

या काळातले दोन्ही अंक शेजारी ठेवून वाचावेत. एकाच सभेत एकाला गुंडांचा जमाव दिसतो, दुसऱ्याला जागृत जनता. खरं काय ते दोन्हींत पूर्ण सापडत नाही. पक्षाचा पेपर आकडे फुगवतो, हार झाली की तिला ‘तात्पुरती माघार’ म्हणतो. त्याचा उपयोग वेगळा: लोकांना काय सांगावंसं वाटत होतं आणि काय लपवावंसं, हे त्यात पकडता येतं.

बायकांचे कागदही याच सुमाराचे. ‘बॅन ना हेरन’ म्हणजे ‘आयर्लंडची स्त्री’, १९०८ ते १९११, संपादक हेलेना मॉलनी. त्यात बागकामाचं सदर होतं आणि ते लिहायची काउंटेस मार्केविच, जी पुढे १९१६ च्या बंडात बंदूक घेऊन उतरली. बागेतल्या गोगलगायींकडे राष्ट्रवादी स्त्रीने आयर्लंडमधल्या इंग्रजांसारखं पाहावं, असा तिचा सल्ला. इतक्या गोड चालीत राजद्रोह मी दुसरीकडे वाचलेला नाही.

ना राजाचे, ना कैसरचे

पहिलं महायुद्ध सुरू झालं. लार्किन अमेरिकेला गेला, युनियन आणि पेपर दोन्ही १९१० मध्येच आयर्लंडला परतलेल्या कॉनोलीच्या हाती आले. त्याने लिबर्टी हॉलवर फलक लावला की आम्ही ना राजाची चाकरी करतो ना कैसरची (जर्मन सम्राटाची), फक्त आयर्लंडची. डिसेंबर १९१४ मध्ये सरकारने ‘आयरिश वर्कर’ बंद पाडलं. मग कॉनोलीने ‘द वर्कर’ नावाचा पेपर ग्लासगोत छापून समुद्रापलीकडून मागवला. काही अंकांतच तेही थांबवलं गेलं. आता बाहेरचा छापखाना नकोच, असं ठरवून त्याने लिबर्टी हॉलमध्येच यंत्र बसवलं आणि मे १९१५ मध्ये जुनं नाव पुन्हा वर आलं: ‘वर्कर्स रिपब्लिक’. मुद्रकाचा पत्ता बघा, प्रत्येक वेळी बदलतो. सरकार कुठवर पोचलंय याचा नकाशाच तो.

मार्च १९१६ मध्ये पोलीस ‘द गेल’ नावाच्या एका जप्त करायच्या पेपरच्या शोधात युनियनच्या दुकानात शिरले. कॉनोलीने पिस्तूल रोखलं आणि ते कागद खाली ठेव, नाहीतर तुला खाली पाडतो, अशा अर्थाचं सुनावलं. महिन्याभराने त्याच यंत्रावर जाहीरनामा छापला गेला. सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर एवढंच: शहरात इतका धोक्याचा कागद छापेल असं भरवशाचं यंत्र कामगारांच्या ताब्यात होतं, आणि देश व भाकरी एकाच लढाईत मिळवायचं असं त्या यंत्राच्या मालकाने ठरवलं होतं. १२ मे १९१६ ला जखमी कॉनोलीला खुर्चीला बांधून गोळ्या घातल्या.

त्या डब्लिनमध्ये तेव्हा हिंदी विद्यार्थीही होते. त्यांतले एक वराहगिरी वेंकट गिरी, १९१३ पासून तिथे कायदा शिकत होते. दक्षिण आफ्रिकेतल्या हिंदी लोकांच्या छळाबद्दल या विद्यार्थ्यांनी पत्रक छापून हिंदुस्थानात पाठवलं. बंडानंतर १९१६ मध्ये गिरींना देश सोडावा लागला. इकडे येऊन ते रेल्वे कामगारांचे पुढारी झाले, शेवटी राष्ट्रपती. आणखी एक योगायोग: डब्लिन जळत होतं त्याच आठवड्यात, २८ एप्रिलला, टिळकांनी बेळगावात होमरूल लीग काढली. नाव आयर्लंडच्या चळवळीवरून घेतलेलं, आणि आयर्लंडमध्ये मात्र त्याच दिवसांत होमरूलची मागणी मागे पडत होती.

लिमरिकच्या नोटा

१९१९ च्या एप्रिलमध्ये लिमरिक शहरात जे झालं ते परीकथेसारखं वाटतं. रॉबर्ट बर्न या कामगार कार्यकर्त्याला पोलिसांच्या कैदेतून सोडवताना गोळीबार झाला, त्यात तो मेला. त्याच्या अंत्ययात्रेनंतर ब्रिटिशांनी शहर लष्करी क्षेत्र जाहीर केलं. आत-बाहेर करायला परवाना हवा. शॅनन नदीपलीकडे दुधाच्या कारखान्यात कामाला जाणाऱ्यांना रोज पुलावर सैनिकाला कागद दाखवायचा. कामगार मंडळाने १४ एप्रिलपासून सार्वत्रिक संप पुकारला. सुमारे चौदा हजार लोक बाहेर पडले आणि शहर संप समितीच्या हाती गेलं. लोक त्याला ‘सोव्हिएत’ म्हणू लागले. रशियातली क्रांती ताजी होती आणि शब्द सगळ्यांच्या तोंडी होता.

समितीने दुकानं कधी उघडायची ते ठरवलं, पाव आणि दुधाचे भाव बांधून दिले, ‘वर्कर्स बुलेटिन’ नावाचं पत्र काढलं. पैसे संपत आले तेव्हा स्वतःच्या नोटा छापल्या: एक शिलिंग, पाच शिलिंग, दहा शिलिंग. दुकानदारांनी त्या घेतल्या. अटलांटिक ओलांडणाऱ्या विमानाची बातमी करायला परदेशी वार्ताहर नेमके तेव्हा लिमरिकमध्ये आले होते, त्यामुळे ही गोष्ट जगभर छापून आली.

दोन आठवड्यांच्या आत सगळं आटोपलं. महापौर आणि बिशप यांनी मध्यस्थी केली, डब्लिनच्या कामगार पुढाऱ्यांनी देशव्यापी संपाची हाक दिली नाही. पण नोटेचा कागद पाहताना एक जाणवतं. भाषणात ‘सत्ता कामगारांच्या हाती’ म्हणणं सोपं. दुकानदाराने तुमच्या सहीच्या कागदावर पाव देणं ही दुसरी गोष्ट. लिमरिकमध्ये काही दिवस तेही घडलं.

एका शब्दाचा प्रवास

१९२२ मध्ये अर्धंमुर्धं स्वातंत्र्य आलं, सहा परगणे ब्रिटनकडे राहिले, यादवी युद्ध झालं. डाव्यांची या काळातली हालत सांगायला मला एकच युक्ती सापडते: ‘वर्कर्स रिपब्लिक’ या दोन शब्दांचा माग काढायचा.

१९२१ मध्ये नव्या कम्युनिस्ट पक्षाने याच नावाचा पेपर काढला, संपादक कॉनोलीचा मुलगा रॉडी. १९२३ मध्ये अमेरिकेच्या तुरुंगातून सुटून लार्किन परतला, त्याने ‘आयरिश वर्कर’ पुन्हा काढून स्वतःच्याच युनियनच्या पुढाऱ्यांवर तोफा डागल्या, आणि युनियन दुभंगली. १९३४ मध्ये पीडर ओडॉनेल, फ्रँक रायन, जॉर्ज गिलमोर अशा डाव्या रिपब्लिकनांनी आयआरए (आयरिश रिपब्लिकन आर्मी) या सशस्त्र संघटनेतून बाहेर पडून ‘रिपब्लिकन काँग्रेस’ उभी केली, त्याच नावाचं साप्ताहिक काढलं. त्या जूनमध्ये बेलफास्टच्या शँकिल रोडवरचे प्रोटेस्टंट कामगार वुल्फ टोनच्या समाधीच्या यात्रेला आले, म्हणजे कॉनोलीचं स्वप्नच चालत आलं म्हणायचं. फलकावर ‘भांडवलशाहीशी नातं तोडा’. टोनचं मूळ वाक्य इंग्लंडशी नातं तोडण्याचं, त्यात एक शब्द बदलला होता. आणि आयआरएच्या स्वयंसेवकांनीच फलक हिसकावून त्यांना मारहाण केली.

सप्टेंबरमध्ये रॅथमाइन्सच्या अधिवेशनात काँग्रेस स्वतःच फुटली. वाद काय? घोषणा ‘प्रजासत्ताक’ अशी द्यायची की ‘कामगारांचं प्रजासत्ताक’. ओडॉनेलचं म्हणणं, पहिली द्या, म्हणजे शेतकरी आणि साधे राष्ट्रवादीही येतील. कॉनोलीची मुलं, नोरा आणि रॉडी, दुसऱ्या बाजूला. ९९ विरुद्ध ८४ मतांनी ओडॉनेल जिंकला आणि हरलेले उठून गेले. जिंकूनही त्याच्या हाती काही उरलं नाही. मला विचाराल तर त्याचं बरोबर होतं, पण बरोबर असणाऱ्याच्या मागे पेपर चालवण्याइतके लोक राहतीलच असं नाही.

शेवटी आयर्लंडच्या लेबर पार्टीने हे शब्द १९३६ मध्ये पक्षाच्या घटनेत घातले. शिक्षकांच्या संघटनेने बिशपांचं मत मागवलं, बिशपांना ते पटले नाहीत, आणि १९४० मध्ये ते गाळले. चर्चचा दबाव म्हणजे काय ते समजायला मार्च १९३३ ची आठवण पुरे: चर्चमधल्या प्रवचनानंतर जमाव भजनं गात डब्लिनच्या कॉनोली हाउसवर चालून गेला, तिथलं डाव्यांचं ऑफिस फोडलं, पुस्तकं आणि कागद जाळले. त्या वर्षांचे अंक आज दुर्मीळ का, याचं एक कारण तिथे राख झालं. चाळीस आणि पन्नासच्या दशकांबद्दल फार काही सांगण्यासारखं नाही. बरेच कार्यकर्ते इंग्लंडला गेले आणि त्यांचा ‘आयरिश डेमोक्रॅट’ लंडनहून निघत राहिला.

दोन शिन फेन

आता येतो तो पत्ता, ज्यावरून लेखाचं शीर्षक घेतलं. साठच्या दशकात शिन फेन हा रिपब्लिकन पक्ष आणि त्याच चळवळीतली आयआरए हळूहळू डावीकडे सरकत होते. त्यांचं मासिक ‘युनायटेड आयरिशमन’ बंदुकीपेक्षा घरभाडं, मासेमारीचे हक्क, सहकारी संस्था यांवर लिहू लागलं. १९६९ मध्ये उत्तरेत कॅथलिक वस्त्या जळल्या आणि संरक्षणाला बंदुका नाहीत, हा राग उसळला. जानेवारी १९७० च्या अधिवेशनात पक्ष फुटला. दोन्ही गटांनी आपलं नाव ‘शिन फेन’च ठेवलं.

मग ओळखायचं कसं? पत्त्यावरून. डाव्यांचं, म्हणजे ‘ऑफिशियल’ गटाचं ऑफिस गार्डिनर प्लेसला. ‘प्रोव्हिजनल’ गटाचं केव्हिन स्ट्रीटला. वर्तमानपत्रं सरळ ‘शिन फेन (गार्डिनर प्लेस)’ आणि ‘शिन फेन (केव्हिन स्ट्रीट)’ असंच लिहायची. फेब्रुवारी १९७० मध्ये केव्हिन स्ट्रीटवाल्यांनी ‘अन फोब्लाख्त’ हा आपला पेपर काढला. ईस्टरला १९१६ च्या बंडाच्या आठवणीत छातीवर लावायची कागदी लिलीसुद्धा वेगळी झाली. ऑफिशियलवाल्यांची डिंकाने चिकटायची, म्हणून ते ‘स्टिकी’, दुसऱ्यांची टाचणीने. ‘स्टिकी’ हे टोपणनाव आजही चालतं, आणि ते प्रेमाने घेतलं जात नाही.

पुढे गार्डिनर प्लेसच्या कागदांवरचं नाव बदलत गेलं. १९७७: शिन फेन द वर्कर्स पार्टी. १९८२: नुसतं वर्कर्स पार्टी. एकेक शब्द गळताना राष्ट्रवादही गळत होता. १९७७ मध्येच त्यांनी ‘द आयरिश इंडस्ट्रियल रेव्होल्यूशन’ नावाची जाड पुस्तिका काढली. तिचं म्हणणं असं, की देश मागास राहिला तो इंग्लंडमुळे कमी आणि इथल्या आळशी भांडवलदारांमुळे जास्त. परदेशी कंपन्या आल्या तर कारखाने होतील, कारखाने झाले तर कामगारवर्ग होईल. कॉनोलीच्या वारसांनी साम्राज्यवादाला जवळजवळ वजा केलेलं वाचून जुने लोक चक्रावले. मतदार मात्र आले: १९८९ मध्ये संसदेत सात जागा. १९९२ मध्ये सातांपैकी सहा जण बाहेर पडून डेमोक्रॅटिक लेफ्ट झाले, १९९९ मध्ये तो पक्ष लेबरमध्ये विलीन झाला, आणि नंतर लेबरचे सलग दोन नेते, पॅट रॅबिट आणि इमन गिलमोर, याच मुशीतले निघाले.

बाकीच्या गटांची यादी मी देत नाही. ती लांब आहे आणि प्रत्येकाचा पेपर होता. या सगळ्या पेपरांत एक गोष्ट हटकून सापडते, ती म्हणजे कॉनोलीचा फोटो. लेबर, कम्युनिस्ट, ऑफिशियल, प्रोव्हिजनल, १९७४ मध्ये ऑफिशियलांतून फुटलेले आयआरएसपी (आयरिश रिपब्लिकन सोशलिस्ट पार्टी) वाले: सगळ्यांना तो आपलाच वाटतो, सगळ्यांकडे त्याचं सोयीचं अवतरण आहे. त्यामुळे फोटो बघून गट ओळखायला जाऊ नये.

कागद टिकतात कसे

पक्षाचा पेपर मुळात टिकण्यासाठी छापलेला नसतो. शनिवारी रात्री पबमध्ये विकायचा, सोमवारी त्यात मासळी गुंडाळायची. जे टिकलं ते तीन वाटांनी. एक, पोलीस: राजद्रोही मजकूर म्हणून डब्लिन कॅसलने, म्हणजे तिथल्या ब्रिटिश सरकारने, जप्त केलेले अंक फायलींत नीट लावून ठेवले, त्यामुळे ज्यांना हे कागद नकोच होते त्यांच्याकडेच ते सर्वांत चांगले जपले गेले. दुसरी वाट कार्यकर्त्यांच्या पोटमाळ्यांची. माणूस गेला की घरचे खोकी उघडतात, आणि गेल्या वीसेक वर्षांत स्वयंसेवकांनी अशी खोकी मागून आणून, स्कॅन करून सर्वांसाठी खुली केली आहेत. आता सिनसिनाटीत किंवा सांगलीत बसूनही ‘युनायटेड आयरिशमन’चा अंक उघडता येतो.

तिसरी वाट ग्रंथालयांची. बेलफास्टचं लिनन हॉल लायब्ररी १७८८ पासूनचं. तिथे उत्तर आयर्लंडच्या राजकीय कागदांचा संग्रह आहे, साडेतीन लाखांहून अधिक वस्तूंचा: रिपब्लिकन, लॉयलिस्ट (ब्रिटनशी एकनिष्ठ), समाजवादी, सैन्याची पत्रकं, बिल्ले, भित्तिपत्रकं, सगळ्या बाजूंचं. बॉम्ब फुटत असतानाही कर्मचारी ते गोळा करत राहिले. त्याची सुरुवात १९६८ मध्ये झाली. ग्रंथपाल जिमी विटी शहरातल्या एका बारमध्ये होते, तिथे कुणीतरी त्यांच्या हातात नागरी हक्कांच्या चळवळीचं एक पत्रक ठेवलं. त्यांनी ते टाकून दिलं नाही.